हौशे, नवशे आणि नदीकाठचं कुंपण

‘हौसेला मोल नसतं’ असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, त्यानं शर्यतीची सिंगल स्कल, म्हणजे एकट्यानं दोन वल्ह्यांनी चालवायची रोइंगची बोट, विकत घेतलेली नसणार. आठेक मीटर लांब, बसणाऱ्याच्या कमरेला जेमतेम पुरेल एवढी रुंद, आणि वजन १४ किलो. नियमानं त्याहून हलकी चालत नाही. परदेशी बनावटीची हवी तर काही लाख मोजायचे, वल्ह्यांचे वेगळे. बोट झाली की ती ठेवायला शेड, पाण्यात सोडायला धक्का, मागून फिरायला मोटरबोट, ओरडायला कोच. आणि या सगळ्याच्या आधी हवं पाणी. संथ, अडवलेलं, लांबलचक पाणी. क्रिकेटला गल्ली पुरते, कबड्डीला मातीचा तुकडा. रोइंगला गल्ली नाही. तिथं कुणीतरी दार उघडल्याशिवाय हौस सुरूच होत नाही.

म्हणून पुण्याच्या बोट क्लबांविषयी बोलायचं तर मला पदकांच्या आधी दारांविषयी बोलायचं आहे. दार कुणासाठी उघडं होतं, कुणासाठी नव्हतं, आणि आज ते कुणी उघडायचं.

आपल्याकडे जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे येतात म्हणतात. पुण्याच्या पाण्यावर पहिले दोन्ही आहेत. हौशे मुळा-मुठेच्या संगमापासून बंडगार्डनपर्यंतच्या पट्ट्यात. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा. नाव व्हिक्टोरिया राणीच्या मुलाचं, तो पुढे मुंबई लष्कराचा प्रमुख म्हणून इकडे होता. आज ‘बोट क्लब रोड’ म्हटलं की रिक्षावाल्याला महागडे बंगले आणि फ्लॅट आठवतात, वल्हं नाही. त्यात त्याची चूक नाही, रस्त्यावरून नदी फारशी दिसतच नाही. दुसरे हौशे सीओईपीचे, म्हणजे पुण्याच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजचे. त्यांचा बोट क्लब आणि त्यांचा रिगाटा, म्हणजे बोटींचा जलसा, १९२८ पासूनचा, सगळा कारभार मुलामुलींच्या हातात. कयाकचा बाण करून अंधारात जाणाऱ्या रांगा आणि मशाल डान्स पाहायला अर्धं शहर काठावर येतं. (गवशे म्हणायचे असतील तर ते तेव्हा भेळेच्या गाडीपाशी. मीही त्यांतला आहे.)

नवशे मात्र वेगळ्याच पाण्यावर. दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या आवारात दोन किलोमीटरच्या शर्यतीला पुरेल असा सरळ कालवा आहे आणि तिथं आर्मी रोइंग नोड, म्हणजे लष्कराचं रोइंगचं प्रशिक्षण केंद्र, चालतं. भारताच्या गेल्या काही ऑलिम्पिकच्या रोइंगची कथा बरीचशी या एका पाण्यावर लिहिली गेली. दत्तू भोकनळ रिओला गेला तो इथूनच. टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग लाइटवेट डबल स्कल्समध्ये (वजनाची मर्यादा असलेल्या दोघांच्या बोटीत) अकरावे आले, भारतीय रोइंगची ऑलिम्पिकमधली सर्वोत्तम कामगिरी, तेही इथलेच. पॅरिसचा बलराज पनवारही.

आता हे दोन पुणे एकमेकांपासून किती लांब आहेत? नकाशावर काही किलोमीटर. प्रत्यक्षात बंगल्याच्या हिरवळीवर चहा पिणाऱ्या माणसानं दापोडीचा कालवा पाहिलेला नसतो, आणि कालव्यावर पहाटे पाच वाजता एर्गोमीटरवर, म्हणजे जमिनीवरच्या वल्हवण्याच्या यंत्रावर, घाम गाळणाऱ्या जवानाला शहरात दीडशे वर्षांचा रोइंगचा इतिहास आहे याचं काही पडलेलं नसतं. दीडशे वर्षं हौस करणाऱ्या शहराचा सर्वांत मोठा वल्हेकरी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीतून, लष्करातून यावा लागला. यात अभिमान आहेच. पण मला त्यात एक प्रश्नही दिसतो, आणि तो क्लबांना विचारायचा आहे.

दत्तूची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी एक तपशील पुन्हा पाहू. दुष्काळी भाग. हा उंचापुरा पोरगा विहिरी खणायचा. म्हणजे पाण्याशी त्याचा संबंध आला तो पाणी लागेपर्यंत पहारीचे घाव घालण्यापुरता. २०१२ साली लष्करात भरती होऊन खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आला आणि तिथून बोटीत बसला. पाण्याची भीती वाटायची, हे तो स्वतःच सांगत आला आहे. चार वर्षांत रिओ. सिंगल स्कल्समध्ये तेरावा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबंगला स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर क्वाड्रपल स्कल्सचं, म्हणजे चौघांच्या बोटीचं, सुवर्ण.

आता या विहीर खणणाऱ्याला जुन्या ‘हौशी’ व्याख्येत बसवून पाहा. हेन्ली रॉयल रिगाटा ही इंग्लंडातली या खेळाची काशी. तिनं १८७९ साली हौशी कोण हे ठरवलं तेव्हा पैसे घेऊन शर्यती मारणाऱ्यांना वगळलं, इथवर ठीक. पण त्याच नियमात मजुरीवर काम करणारा कारागीर, मेकॅनिक, मजूर, आज असो वा पूर्वी कधी असो, तोही बाद. कारण असं की शरीरकष्ट करणाऱ्याला बळाचा गैरफायदा मिळतो! म्हणजे दत्तू बाद. आणि गंमत अशी की सीओईपीचं १८५४ चं मूळ नाव ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’. त्या नियमाच्या भाषेत ज्यांच्या नावातच मेकॅनिकल आहे अशांना शिकवणारी संस्था. हौशी हा शब्द तेव्हा खेळावरच्या प्रेमाचा नव्हता, हातावर घट्टे कुठून आले याचा होता.

या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध बळी फिलाडेल्फियाचा जॅक केली. आयरिश स्थलांतरितांचा मुलगा, विटा रचायचं काम केलेला. १९२० साली हेन्लीनं त्याचा डायमंड स्कल्सचा, म्हणजे तिथल्या सिंगल स्कल्सच्या शर्यतीचा, अर्ज परत केला. कारणं दोन: त्याच्या व्हेस्पर बोट क्लबवर आधीच बंदी होती, आणि तो गवंडी होता. त्याच उन्हाळ्यात अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये त्यानं सिंगल स्कल्सचं सुवर्ण घेतलं, इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डला मागे टाकून. त्याच दिवशी डबल स्कल्सचंही. मजुरांचं कलम निघायला मात्र १९३७ साल उजाडलं, आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या आठ जणांच्या चमूला, ते पोलीस होते म्हणून, नाकारल्याची लाज वाटल्यावर. केलीच्या मुलानं १९४७ ला जाऊन तीच डायमंड स्कल्स जिंकली. (त्याची बहीण ग्रेस केली, ती सिनेमातली. पण ते दुसऱ्या लेखाचं प्रकरण.)

हा व्हेस्पर क्लब १८६५ चा. म्हणजे आपल्या कॅनॉटपेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठा. तो पुण्याशी ताडून पाहण्यासारखा आहे, आणि वयापेक्षा जास्त पाण्यामुळे. फिलाडेल्फियाची शुइलकिल नदी शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी फेअरमाउंटचा बंधारा घालून अडवली, म्हणून तिथं वल्हवण्याजोगं संथ पाणी झालं आणि काठावर क्लबांची रांग उभी राहिली. पुण्यातही तेच. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बांधलेला बंडगार्डनचा बंधारा लोकांना प्यायला पाणी मिळावं म्हणून होता. ज्या पाण्यावर आपण दीडशे वर्षं हौस भागवली ते मुळात सार्वजनिक पाणी. एका पारशी दानशूरानं गावाला दिलेलं. खडकवासला झाल्यावर बंधाऱ्याचं पाणी प्यायचं राहिलं, पण ते म्हणून क्लबाचं झालं नाही.

फिलाडेल्फियाचा फरक इथून पुढचा. तिथल्या बोटहाउसांची जागा शहराच्या बागेतली. नदी कोळशाच्या गाळानं भरली होती, ती दुसऱ्या महायुद्धानंतर उपसली. आणि १९६४ साली या व्हेस्पर क्लबाच्या आठ जणांनी टोकियोत ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, रोममध्ये जिंकलेल्या जर्मनांना हरवून. शर्यत लांबत गेली, अंधार पडला, शेवटी पाण्यावर फ्लेअर उडवून उजेड केला, असं ते फायनल. बोटीत कोण होतं ते पाहण्यासारखं आहे. ॲमलाँग नावाचे दोन सख्खे भाऊ, दोघेही सैन्यातले. एक कॉलेजातला पोरगा. एक पत्र्याच्या कामाचा धंदा असलेला कुटुंबवत्सल गृहस्थ. कॉक्स, म्हणजे बोटीला दिशा देणारा, रॉबर्ट झिमोनी ४६ वर्षांचा, १९५६ साली हंगेरी सोडून आलेला. आणि पैशाची, जमवाजमवीची बाजू सांभाळणारा केलीचा तोच मुलगा.

सैनिक, विद्यार्थी, धंदेवाला, निर्वासित, आणि एका गवंड्याचा मुलगा. एका क्लबाच्या एका बोटीभोवती. मला हेवा वाटतो तो सुवर्णाचा नाही, या माणसांच्या मिश्रणाचा.

पुण्यात यातलं प्रत्येक माणूस आहे, फक्त तिघे तीन कुंपणांआड आहेत. सभासद एका, विद्यार्थी दुसऱ्या, सैनिक तिसऱ्या. आणि कुंपणाबाहेर बाकीचं सगळं शहर.

इथं मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. कुठल्या घाटावरची ते नाही सांगत. मी कॉलेजात असताना दोन वर्षं वल्हं मारलं, वाईट मारलं, पण मारलं. डिसेंबरातली सकाळ. पाण्यावर वाफ, आणि वाफेखाली तो वास; पुणेकराला वर्णन नको, परगावच्याला सांगून कळायचं नाही. आम्ही चौघांनी बोट डोक्यावर घेऊन उतारावर आणली. उतारावर गोणपाट टाकलेलं, कारण शेवाळावर पाय सरकला तर बोट आणि माणूस दोन्ही फुटतात. डाव्या वल्ह्याच्या पात्यात जलपर्णीचा वेल अडकला होता, तो मी ओढत होतो आणि निघत नव्हता. काठावर बारा-तेरा वर्षांचं एक पोरगं उकिडवं बसून पाहत होतं. पलीकडच्या वस्तीतलं. ते म्हणालं, “दादा, उलटं बसून बोट चालवता, मग दिसतं कसं?”

प्रश्न चांगला होता. रोइंगमध्ये आपण जिथून निघालो तिकडे तोंड करून बसतो, कारण मुख्य जोर हातांचा नसतो, पायांचा असतो. सरकत्या पाटावर गुडघे दुमडून मग पायांनी फळीला रेटायचं, पाठ उघडायची, आणि सगळ्यात शेवटी हात. पुढं तोंड करून तो जोर लागत नाही. मी त्याला एवढं समजावलं. पोरगं लक्ष देऊन ऐकत होतं. मग म्हणालं, “मला बसवाल?”

मी म्हणालो, “आधी शिक, इथं ॲडमिशन घे, मग ये.”

मला तेव्हा हे विनोदी वाटलं होतं. चौघे हसलोही. हेन्लीच्या कमिटीचं पत्रही याहून वेगळं काय म्हणत होतं?

आता हरकती. मला माहीत आहेत, कारण त्या मीच पूर्वी घेत असे.

पहिली हरकत पाण्याची, आणि ती खरी आहे. महापालिकेच्या शाळेतल्या पोरांना या पाण्यात उतरवायचं? संगमाखालचं पाणी म्हणजे बराचसा शहराचा मैला आहे. २०१६ साली जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची योजना मंजूर झाली, आणि त्यानंतर प्रत्यक्ष काम सुरू व्हायलाच वर्षांमागून वर्षं गेली. दरम्यान ४४ किलोमीटरचं नदीकाठ सुशोभीकरण मात्र दिमाखात हाती घेतलं गेलं. त्याच्या चित्रांत मला चालणारी माणसं दिसतात, सायकली दिसतात, दगडी पायऱ्यांवर बसलेली जोडपी दिसतात. पाण्याला हात लावणारं माणूस मला त्यात फारसं आठवत नाही. आणि मला वाटतं गोम इथंच आहे. ज्या नदीत कुणाचीच मुलं उतरत नाहीत ती साफ करायची निकड कुणालाच नसते. काठावरून वास आला तर माणूस नाकाला रुमाल लावून पुढं जातो. पण दररोज सकाळी शंभर पोरांच्या अंगावर तेच पाणी उडत असेल तर शंभर आया वॉर्ड ऑफिसच्या दारात उभ्या राहतील. आज नदीसाठी भांडणारे पर्यावरणवाले आहेत, झाडांना मिठ्या मारणारे आहेत, त्यांचं ऋण मोठं आहे. पण त्यांच्या बाजूला अजून वल्हेवाला नाही. म्हणजे आधी नदी साफ, मग खेळ, असा क्रम लावून बसलो तर दोन्ही होणार नाही. सुरुवात लहान करावी, साबणाच्या नळाखाली हात-तोंड धुऊनच घरी पाठवावं, पाणी फार बिघडलं त्या दिवशी जमिनीवर एर्गो. पण सुरुवात करावी.

दुसरी हरकत: क्लब खाजगी आहेत. असतील. माझा त्यांच्यावर राग नाही. १८६८ पासून एक शेड टिकवणं, पूर आल्यावर गाळ उपसणं, हे सोपं नाही. पण काठ खाजगी असला तरी पाणी खाजगी नाही. क्लबाचं पाण्यावरचं अस्तित्व हीच एक सवलत आहे, आणि सवलतीला मोबदला मागणं यात समाजवाद वगैरे काही नाही. सकाळी सहा ते आठ, आठवड्यातून चार दिवस, शेड आणि धक्का शहराच्या मुलांना. सभासद तेव्हा बहुधा झोपलेलेच असतात.

तिसरी: लष्कर हे काम नीट करतंय, मग शहरानं कशाला? इथं मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. लष्कर जे करतं ते शिखरावरचं काम. अठरा-वीस वर्षांचा, उंच, काटक जवान निवडायचा आणि त्याला चार वर्षांत आशियात नेऊन उभा करायचा. दत्तू, बजरंगलाल ताखर (२०१० च्या ग्वांगझूचं सुवर्ण, भारताचं रोइंगमधलं पहिलं आशियाई सुवर्ण), सगळे असेच घडले. पण अठराव्या वर्षी पहिल्यांदा वल्हं धरलेला माणूस अकराव्या वर्षापासून पाण्यावर असलेल्या युरोपियनाशी शेवटच्या पाचशे मीटरमध्ये काय करणार? तो तेराव्या-अकराव्या क्रमांकापर्यंत पोहोचतो हेच अचाट आहे. तिथून पुढं जायला अंगात मुरलेली बोट लागते.

आणि मुलींचं काय? टोकियो ऑलिम्पिकपासून रोइंगमध्ये पुरुषांचे सात आणि महिलांचे सात प्रकार आहेत, म्हणजे अर्धी पदकं मुलींची. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला रोइंगमध्ये पाच पदकं मिळाली, दोन रौप्य, तीन कांस्य. पाचही पुरुषांची. भरतीच्या मैदानातून रोइंगकडे येणारा रस्ता मुलींसाठी आजवर अरुंदच राहिला. म्हणजे आपण दर चार वर्षांनी अर्धा हिशेब सोडूनच पेपर देतो. रिगाटाच्या दिवशी संगमावर कयाकमध्ये मुली कशा बसतात हे ज्यानं पाहिलं आहे त्याला ‘मुली येत नाहीत हो’ हे उत्तर चालणार नाही. कॉलेजच्या मुलींना बोट मिळते म्हणून त्या बसतात. बाकीच्यांना मिळत नाही म्हणून बसत नाहीत. यापलीकडे त्यात काही गूढ नाही.

शिवाय खेळच बदलतो आहे. अर्जुन-अरविंद ज्या लाइटवेट प्रकारात अकरावे आले तो पॅरिसनंतर ऑलिम्पिकमधून गेला. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये समुद्रावरचं कोस्टल रोइंग येतंय, वाळूवरून धावत जाऊन बोटीत उडी मारायची आणि लाटांतून वळसा घालून परत यायचं. कोकणातल्या कोळ्याच्या पोराला हे सांगितलं तर तो विचारील, यात खेळ कुठं आहे, आम्ही रोज जातो. पण त्या पोराला कुठला क्लब विचारणार? पुण्याच्या क्लबांनी इथल्याच वस्तीत हात पुढे केला नाही तर रत्नागिरी फार लांब आहे.

एक गोष्ट मात्र मी क्लबांकडून मागत नाही: ऑलिम्पियन. ते त्यांचं काम नाही, आणि संगमाच्या वळणावळणाच्या पाण्यात ते शक्यही नाही. दोन किलोमीटरचं सरळ पाणी दापोडीला आहे, तिथंच शर्यती होऊ द्या. शिकायला दोन किलोमीटर लागत नाहीत. शिकायला लागते एक रुंद, न उलटणारी, जुनी लाकडी बोट, जी कुठल्याही क्लबाच्या शेडमध्ये मागे रंग उडालेल्या अवस्थेत पडलेली असतेच. एक पोहायची परीक्षा. आणि बरा कोच. कोच खडकी-दापोडीहून निवृत्त होणाऱ्या सुभेदारांत मिळतील. पुण्यात निवृत्त झालेला हवालदार सोसायटीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसतो. त्यातल्या एखाद्यानं आशियाई पदकविजेत्याच्या मागे मोटरबोट चालवलेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

पावसाळ्यात हे काही व्हायचं नाही. धरणांतून पाणी सोडलं की संगमाला कुणी बोट घालत नाही. पण दसऱ्याच्या सुमाराला पाणी स्थिरावतं, आणि जलपर्णी दाटून पात्याला गुंडाळी मारायच्या आधी दोन-अडीच महिने बरे मिळतात. वीस पोरं, दहा मुली दहा मुलगे, पाटील इस्टेट किंवा ताडीवाला रोडच्या जवळच्या महापालिका शाळांतली. एक जुनी बोट, वीस लाइफ जॅकेटं, एक निवृत्त सुभेदार, उतारावर टाकायला गोणपाट. पहिल्या दिवशी कुणीतरी नक्की विचारील, उलटं बसून दिसतं कसं. त्याला बोटीत बसवूनच सांगावं.